त्या आठवड्यात ते काय करत होते?

तुमचा प्रश्न मी मला समजला तसा आधी मांडतो. आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत तुम्हाला ‘व्यक्ती मारता येते, विचार मारता येत नाही’ हा विषय मिळालाय. उदाहरणं म्हणून तुम्ही अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीतल्या हत्या निवडल्यात: मेडगर एव्हर्स, माल्कम एक्स आणि मार्टिन ल्यूथर किंग. मैत्रीण म्हणते, उदाहरणं उलटी पडतील, कारण मारणारेच शेवटी जिंकले. दोघींपैकी बरोबर कोण?

मी पदव्युत्तर वर्गाला अमेरिकेचा इतिहास सव्वीस वर्षं शिकवला. वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून किती वेळा बसलो ते मोजलं नाही, पण हा विषय दर दोन-तीन वर्षांनी फिरून येतो आणि दहातली नऊ भाषणं ‘बंदुकीची गोळी छातीत शिरते, विचारात नाही’ अशा वाक्याने सुरू होतात. टाळ्या पडतात. परीक्षक मात्र तेवढ्यात चहा मागवून घेतात. तुम्ही प्रश्न विचारलात म्हणजे तुम्हाला त्या वाक्यावर पुरता विश्वास नाही. ते चांगलं लक्षण आहे.

आधी सनावळी नीट लावून घेऊ, कारण घोळ तिथेच होतो. ‘किंग यांच्या बलिदानामुळे नागरी हक्क कायदा संमत झाला’ हे वाक्य मी उत्तरपत्रिकांत इतक्या वेळा वाचलंय की शेवटी वर्गात फळ्यावर दोन आडव्या रेघा मारायला लागलो. वरच्या रेघेवर हत्या, खालच्या रेघेवर कायदे. नागरी हक्क कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांनी २ जुलै १९६४ ला सही केली तेव्हा किंग त्या समारंभाला हजर होते. मतदान हक्क कायदा ६ ऑगस्ट १९६५ चा. किंग यांची हत्या झाली ४ एप्रिल १९६८ ला. म्हणजे मोठे दोन्ही कायदे त्यांच्या हयातीतले. हत्येनंतरचा एकच मोठा कायदा, घरविक्री आणि भाड्याच्या बाबतीत भेदभावाला बंदी घालणारा, ११ एप्रिल १९६८ चा. पण तोही सिनेटने ११ मार्चलाच मंजूर केलेला होता आणि प्रतिनिधिगृहात अडला होता. हत्येनंतर शंभराहून जास्त शहरांत दंगे उसळले, आणि चढावर अडलेल्या गाडीला धक्का बसावा तसा तो आठवड्यात पार झाला. गाडी मात्र चढापर्यंत आधीच कोणीतरी ओढत आणली होती.

तेव्हा ‘हत्येने चळवळ संपली की वाढली’ हा प्रश्नच मला फार ढोबळ वाटतो. तुमची तीन आणि मी पुढे घालणार आहे ते एक, अशा चार वेगळ्या माणसांना, चार वेगळ्या गावांत, वेगळ्या लोकांनी, वेगळ्या कारणांसाठी मारलं आणि आपण त्यांना एका वाक्यात बसवायला बघतो. मी विद्यार्थ्यांना एक लहान प्रश्न विचारायला लावायचो: मारलं गेलं त्या आठवड्यात हा माणूस नेमकं काय करत होता? आणि ते काम पुढे कोणी केलं? त्यांची भाषणं, त्यांचं मोठेपण हे सगळं नंतर. आधी त्या आठवड्याचं काम.

एव्हर्सपासून सुरुवात करतो. आपल्याकडे त्यांच्याबद्दल सर्वांत कमी माहिती असते आणि मला शिकवायला सर्वांत जास्त तेच उपयोगी पडले.

मेडगर एव्हर्स मिसिसिपीतल्या डिकेटर गावचे. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या आघाडीवर होते. परत आल्यावर १९४६ साली भाऊ आणि काही मित्रांबरोबर गावात मत द्यायला गेले, तर हत्यारबंद गोऱ्यांनी त्यांना मागे फिरवलं. हिटलरशी लढून आलेल्या माणसाला स्वतःच्या गावात मतपेटीपर्यंत जाता आलं नाही. १९५४ पासून ते एन.ए.ए.सी.पी. या जुन्या हक्क संघटनेचे मिसिसिपीतले पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. ‘पूर्णवेळ कार्यकर्ता’ म्हणजे काय, हे आपल्याकडे चळवळीत वावरलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. गावोगाव फिरायचं, मतदार नोंदवायचे, कुणाचा खून झाला की साक्षीदार शोधायचे, त्यांची जबानी लिहून घ्यायची. १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाचा खून झाला, तेव्हा शेतमजुराच्या वेषात मळ्यांवर जाऊन साक्षीदार हुडकणाऱ्यांत एव्हर्स होते.

१९६३ च्या मे-जूनमध्ये जॅक्सन शहरातल्या गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार चालला होता. २० मे ला एव्हर्स यांना स्थानिक टीव्ही वाहिनीवर बोलायला वेळ मिळाला. त्या काळी त्या शहरात ही अघटित गोष्ट होती. तोवर त्यांचं नाव सगळ्यांना माहीत होतं, त्या दिवशी चेहराही सगळ्यांनी पाहिला. आठ दिवसांनी घराच्या गाडी लावायच्या जागेत पेट्रोलबॉम्ब येऊन पडला. या घराला रस्त्याच्या बाजूने दारच नव्हतं, आत जायचं ते गाडीच्या शेडमधून. आवाज झाला की जमिनीवर पालथं पडायचं, हे मुलांना शिकवून ठेवलेलं. ११ जूनच्या रात्री अध्यक्ष केनेडी यांनी नागरी हक्कांवर टीव्हीवरून भाषण केलं. मुलं बाबांची वाट बघत जागी होती. मध्यरात्र उलटून गेल्यावर एव्हर्स गाडीतून उतरले. हातात टी-शर्टांचा गठ्ठा होता, त्यांवर ‘जिम क्रो गेलाच पाहिजे’ अशा अर्थाची घोषणा. (जिम क्रो म्हणजे कुणी माणूस नव्हे, दक्षिणेतल्या वर्णभेदी कायद्यांना पडलेलं नाव.) समोरच्या झुडपांतून आलेली गोळी त्यांच्या पाठीत शिरली. वय ३७.

मारेकरी बायरन डी ला बेकविथ लवकरच पकडला गेला. बंदूक सापडली होती, तिच्या दुर्बिणीवर त्याच्या बोटाचा ठसा होता. १९६४ मध्ये त्याच्यावर दोनदा खटला चालला. दोन्ही वेळा ज्यूरीत सगळे गोरे पुरुष, आणि दोन्ही वेळा त्यांचं एकमत झालं नाही. खटला चालू असताना राज्याचे माजी गव्हर्नर भर कोर्टात येऊन आरोपीशी हात मिळवून गेले. बेकविथ सुटला आणि गावी परतला.

इथे थांबलो तर तुमची मैत्रीण जिंकते. पण गोष्ट इथे थांबत नाही, आणि ती का थांबत नाही हे बघण्यासारखं आहे. एव्हर्स यांची पत्नी मर्ली तीन मुलांना घेऊन कॅलिफोर्नियाला गेली, शिकली, नोकरी केली, आणि खटला पुन्हा उघडा हे सांगत राहिली. १९८९ मध्ये जॅक्सनच्या एका वृत्तपत्राच्या बातमीदाराने उघड केलं की वर्णभेद टिकवण्यासाठी राज्य सरकारनेच चालवलेल्या एका आयोगाने १९६४ च्या खटल्यात ज्यूरीतली माणसं निवडायला बचाव पक्षाला चोरून मदत केली होती. खटला उघडायला निमित्त मिळालं. पण उघडायचा कशावर? कोर्टाकडे जुन्या खटल्याची नोंदच उरली नव्हती. ती प्रत मर्लींकडे होती. पंचवीस वर्षं त्यांनी ती सांभाळून ठेवली होती. बंदूकसुद्धा कोर्टाच्या मालखान्यात सापडली नाही, ती निघाली सरकारी वकिलाच्या दिवंगत सासऱ्यांच्या घरात, सासरे न्यायाधीश होते. नव्याने शवचिकित्सा करायला एव्हर्स यांचा मृतदेह दफनभूमीतून बाहेर काढावा लागला. ५ फेब्रुवारी १९९४ ला आठ कृष्णवर्णीय आणि चार गोऱ्या ज्यूरर्सनी बेकविथला दोषी ठरवलं. खुनानंतर जवळजवळ ३१ वर्षांनी. तो २००१ मध्ये कैदेत असतानाच वारला.

आता सांगा, इथे विचार जगला की एका बाईने कागद जपले? मी वर्गात हे विचारलं की शांतता पसरायची. तुमच्या भाषणाचा विषय मला खटकतो तो इथेच. ‘विचार मारता येत नाही’ म्हटलं की वाटतं, विचार म्हणजे काहीतरी अमर वाफ आहे, आपोआप तरंगत राहते. तसं काही नसतं. १९६४ मध्ये मिसिसिपीत न्याय हा विचार व्यवस्थित मेलेला होता, दोन वेळा. तो पुन्हा उभा राहिला कारण कोर्टाने हरवलेले कागद एका घरात शाबूत होते.

आणि मतदार नोंदणी, म्हणजे एव्हर्स यांचं मूळ काम? मतदान हक्क कायद्याआधी मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीय प्रौढांपैकी ७ टक्केसुद्धा मतदार नव्हते. १९६७ पर्यंत हा आकडा ६० टक्क्यांच्या आसपास गेला. पण तो आकडा सुखासुखी चढला नाही. हॅटीजबर्गचे व्हर्नन डेमर आपल्या दुकानात मतदार नोंदणीचं पुस्तक ठेवायचे. मतदानासाठीचा कर ज्यांना परवडत नाही त्यांचा मी भरतो, असं त्यांनी रेडिओवरून जाहीर केलं आणि त्याच रात्री, १० जानेवारी १९६६ च्या पहाटेआधी, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी गुप्त संघटनेच्या लोकांनी त्यांचं घर पेटवलं. बायकामुलं मागून बाहेर पडेपर्यंत डेमर आतून गोळ्या झाडत राहिले. त्यांच्या फुप्फुसात आग गेली होती, ते वाचले नाहीत. चार मुलगे तेव्हा अमेरिकन सैन्यात होते. त्या जळक्या घरासमोर गणवेशात उभ्या असलेल्या मुलांचा फोटो शोधून बघा. डेमर यांचं स्वतःचं मतदार कार्ड त्यांच्या मृत्यूनंतर टपालाने आलं. हा हल्ला घडवून आणणाऱ्या क्लॅनच्या म्होरक्याला शिक्षा झाली १९९८ मध्ये.

म्हणून मैत्रिणीला सांगा की एव्हर्सच्या बाबतीत मारणारे जिंकले नाहीत. पण लगेच दुसरंही सांगा. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मतदान हक्क कायद्यातली महत्त्वाची तरतूद निकामी केली. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागे, ती कोणी घ्यायची हे ठरवणारं सूत्रच न्यायालयाने रद्द केलं. एव्हर्स यांच्या हत्येला त्याच महिन्यात पन्नास वर्षं पूर्ण झाली होती. वारसा एकदा मिळाला की कायमचा सातबाऱ्यावर चढतो असं नाही.

तुमच्या यादीत नसलेलं एक नाव घाला: फ्रेड हॅम्पटन. वय २१, शिकागो, ब्लॅक पँथर पक्षाच्या इलिनॉय शाखेचा अध्यक्ष. पँथर म्हटलं की आपल्याला बंदुका आणि काळी जाकिटं आठवतात. ‘त्या आठवड्यात काय करत होता’ हा प्रश्न इथे फार कामी येतो. तो शाळकरी मुलांना मोफत न्याहारी वाटत होता आणि पोर्टो रिकन तरुणांची संघटना आणि दक्षिणेतून आलेल्या गरीब गोऱ्यांची संघटना यांना एका आघाडीत आणत होता. गरीब गोरा आणि गरीब काळा एकत्र येणं ही त्या शहराच्या राजकारणाला बंदुकीपेक्षा मोठी धास्ती होती, असं माझं मत आहे. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे जिल्ह्याच्या सरकारी वकिलाच्या हाताखालच्या पोलिसांनी त्याच्या खोलीवर छापा घातला. घराचा नकाशा एफबीआयला एका खबऱ्याने दिला होता आणि तो खबऱ्या हॅम्पटनच्या सुरक्षेचं काम बघत होता. हॅम्पटन अंथरुणातच मारला गेला, त्याच्याबरोबर मार्क क्लार्क हा आणखी एक कार्यकर्ता. पोलिसांनी जोरदार चकमक झाल्याचं सांगितलं. नंतर फेडरल ग्रँड ज्यूरीच्या तपासात निघालं की पोलिसांनी ८० हून जास्त गोळ्या झाडल्या, पँथरांकडून सुटली एक.

पँथरांनी त्या घराचं दार लोकांसाठी उघडं ठेवलं. हजारो माणसं रांगेने आत जाऊन भिंती बघून आली. शिकागोच्या एका मोठ्या दैनिकाने पोलिसांच्या बाजूने पुरावा म्हणून दारावरच्या गोळ्यांच्या भोकांचे फोटो छापले. ती भोकं खिळ्यांची डोकी निघाली. छापा घालायला लावणारा सरकारी वकील एडवर्ड हॅनरहान १९७२ ची निवडणूक हरला, कारण वर्षानुवर्षं डोळे मिटून एकाच पक्षाला मत देणाऱ्या कृष्णवर्णीय वस्त्यांनी या वेळी त्याच्याविरुद्ध मत दिलं. याच फुटलेल्या मतपेढीतून, इतर अनेक कारणांसह, १९८३ मध्ये हॅरोल्ड वॉशिंग्टन शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. हॅम्पटनचा सहकारी बॉबी रश त्याच वर्षी नगरसेवक झाला, पुढे तीस वर्षं खासदार होता. २००० साली पक्षांतर्गत निवडणुकीत त्याने एका तरुण उमेदवाराला सपशेल हरवलं. त्या उमेदवाराचं नाव बराक ओबामा. ही सरळ रेघ नाही, मधे खूप वळणं आहेत, भाषणात ती सरळ करू नका. आघाडी मात्र टिकली नाही आणि हॅम्पटनसारखा संघटक शिकागोच्या पँथरांना पुन्हा मिळाला नाही. इथे मारणाऱ्यांनी काहीतरी नक्की जिंकलं. पँथर हे नाव १९७२ मध्ये मुंबईत दलित तरुणांनी उचललं, हे तुम्हाला माहीत असेलच. ते नाव आपल्याकडे पोचलं तेव्हा हॅम्पटनला जाऊन तीन वर्षंही झाली नव्हती.

माल्कम एक्सवर मी थोडक्यात बोलतो, कारण त्यांच्या हत्येची गोष्ट वेगळ्याच टोकाची आहे. २१ फेब्रुवारी १९६५, न्यू यॉर्कमधलं ऑडुबॉन सभागृह, वय ३९. मार्च १९६४ मध्ये त्यांनी ‘नेशन ऑफ इस्लाम’ ही कृष्णवर्णीय मुस्लिमांची संघटना सोडली होती, नवी संघटना आठ महिन्यांची होती, अमेरिकेतल्या वर्णभेदाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे न्यायचा त्यांचा बेत होता. संघटना मुळं धरण्याआधीच ते गेले आणि ती त्यांच्यामागे विरून गेली. त्यांचा वारसा छापील शब्दातून आणि ध्वनिमुद्रित भाषणांतून आला. आत्मचरित्र त्याच वर्षी निघालं. म्हणजे हे सगळं परिस्थितीवर अवलंबून असतं: मागे संघटना किती पक्की आहे, कायदा कोणत्या टप्प्यावर आहे, मारणारा भुरटा आहे की गणवेशातला. एव्हर्सच्या मागे अर्धशतक जुनी संघटना होती. माल्कमच्या मागे जवळपास कोणी नव्हतं.

आणि खटला? इथे तो झटपट झाला. १९६६ मध्ये तिघांना जन्मठेप. त्यातला एक जागीच पकडलेला होता आणि त्याने खटल्यातच सांगितलं होतं की दुसरे दोघे यात नव्हते. त्या दोघांनी वीस-वीस वर्षं तुरुंगात काढली. २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं, कारण एफबीआय आणि न्यू यॉर्क पोलिसांनी त्यांच्या बाजूचे पुरावे दाबून ठेवले होते. तोवर एकजण वारला होता. एव्हर्सचा खटला तीस वर्षं रेंगाळला आणि न्याय मिळाला. माल्कमचा लगेच निकाली निघाला आणि त्या निकालानेच अन्याय झाला. मी हे दोन खटले नेहमी शेजारी शेजारी शिकवायचो.

तुम्ही विचारलेलं नाही, पण परीक्षक विचारतील: ‘सरकारनेच मारलं का?’ यावर यूट्यूबभर पतंग उडताना दिसतात. मी दोन पुरावे वेगळे ठेवायला सांगतो. मारेकऱ्याला कोणी पाठवलं याचा पुरावा एक. सरकार या माणसाच्या मागे हात धुऊन लागलं होतं याचा पुरावा दुसरा. हॅम्पटन सोडला तर पहिला पुरावा वादग्रस्त आहे. किंग यांचा मारेकरी जेम्स अर्ल रे याने गुन्हा कबूल केला आणि तीन दिवसांत कबुली फिरवली. १९७९ मध्ये संसदेच्या समितीने त्यामागे कट असावा असं म्हटलं. १९९९ मध्ये मेम्फिसच्या एका दिवाणी खटल्यातल्या ज्यूरीनेही तसंच म्हटलं. २००० मध्ये न्याय खात्याने त्या दाव्यांत तथ्य नाही असा निष्कर्ष काढला. दुसरा पुरावा मात्र लोखंडी आहे. नोव्हेंबर १९६४ मध्ये एफबीआयने किंग यांना निनावी पत्र पाठवलं, सोबत चोरून केलेलं ध्वनिमुद्रण, आणि पत्राचा रोख असा की तू जीव दे. त्यांचे फोन ऐकायला परवानगी ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी १९६३ मध्ये दिली होती. त्याच रॉबर्ट केनेडींनी किंग यांच्या हत्येची बातमी इंडियानापोलिसच्या कृष्णवर्णीय जमावाला सांगितली आणि दोन महिन्यांनी ते स्वतः मारले गेले. इतिहासात माणसं अशी एका खणात मावत नाहीत. या पाळतीचे कागद १९७१ मध्ये काही सामान्य नागरिकांनी पेनसिल्व्हेनियातल्या एफबीआयच्या कचेरीत चोरी करून बाहेर काढले, तेव्हा हे सगळं उजेडात यायला लागलं. पुन्हा तेच, कागद कोणीतरी जपले होते किंवा पळवले होते.

आता किंग. १९५९ मध्ये ते पत्नीसह भारतात आले होते आणि मुंबईत मणिभवनात राहिले होते, गांधीजी जिथे राहायचे तिथे. आपल्याकडचं किंग यांचं चित्र तिथून आणि १९६३ च्या वॉशिंग्टनच्या भाषणातून बनलेलं आहे. खुद्द अमेरिकेतही तेच चित्र चालतं. पण गॅलप या संस्थेच्या १९६६ च्या जनमत पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांचं त्यांच्याबद्दल प्रतिकूल मत होतं. ४ एप्रिल १९६७ ला त्यांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध उघड भूमिका घेतली आणि जुने मित्रही दुरावले. त्यानंतर बरोबर एक वर्षाने, ४ एप्रिल १९६८ ला, मेम्फिसच्या लोरेन मोटेलच्या सज्ज्यात त्यांना गोळी लागली.

आणि त्या आठवड्यात ते काय करत होते? कचरा उचलणाऱ्यांच्या संपात होते. १ फेब्रुवारी १९६८ ला एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार पावसाच्या आडोशाला कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या तोंडात शिरले, कचरा दाबणारं यंत्र बिघडून चालू झालं आणि दोघे चिरडले गेले. १२ फेब्रुवारीपासून सुमारे १,३०० कामगार संपावर. पूर्णवेळ काम करूनही त्यांतल्या अनेकांना गरिबांसाठीची सरकारी मदत घ्यावी लागे. महापौर युनियनला मान्यता द्यायला तयार नव्हते. कामगारांच्या गळ्यातल्या पाटीवर एवढंच: ‘मी माणूस आहे.’ मराठी वाचकाला ही पाटी समजावून सांगायची गरज नाही. २८ मार्चच्या मोर्चात दंगल झाली, पोलिसांच्या गोळीने सोळा वर्षांचा एक मुलगा गेला, आणि वर्तमानपत्रांनी किंग यांना झोडपलं. शांततेने मोर्चा काढता येतो हे दाखवायला ते परत आले होते.

हत्येनंतर चार दिवसांनी, अंत्यविधीच्या आदल्या दिवशी, कोरेटा किंग मेम्फिसला गेल्या आणि तो मोर्चा काढला, मूकपणे. १६ एप्रिलला शहराने करार केला: युनियनला मान्यता, पगारवाढ. त्याच वेळी किंग यांची दुसरी मोहीम, सगळ्या रंगांच्या गरिबांना घेऊन वॉशिंग्टनमध्ये ठिय्या द्यायची, मे-जूनमध्ये चिखलात रुतली. तंबूंची वसाहत सहा आठवडे टिकली आणि पोलिसांनी मोडली. एकाच माणसाची दोन अर्धवट कामं. एक तडीस गेलं कारण तिथे संपकरी आधीपासून रस्त्यावर होते आणि युनियन होती. दुसरं गेलं नाही, ते बऱ्याच अंशी किंग यांच्याच आधारावर उभं होतं.

मग आली सुट्टी. १९८३ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी किंग यांच्या नावे राष्ट्रीय सुट्टीच्या कायद्यावर सही केली, १९८६ पासून ती पाळली जाते, सगळ्या ५० राज्यांत ती यायला २००० साल उजाडलं. २०११ च्या गॅलप पाहणीत किंग यांच्याबद्दल अनुकूल मत असलेले ९४ टक्के. ६३ टक्के नावडते ते ९४ टक्के लाडके. एवढ्या लोकांनी मत बदललं की किंग बदलले? मला वाटतं, मेलेला माणूस हरकत घेत नाही, ही सगळ्यांची सोय झाली. व्हिएतनामवाले, गरिबांच्या तंबूंतले, संपातले किंग बाजूला ठेवले आणि स्वप्न बघणारे तेवढे घेतले. मैत्रिणीच्या म्हणण्यात सर्वांत जास्त दम कुठे असेल तर तो इथे: मारणाऱ्यांना जमलं नाही ते हार घालणाऱ्यांना बऱ्यापैकी जमलं.

तर थोडक्यात: मेडगर एव्हर्सच्या बाबतीत काम पुढे गेलं, पण तीस वर्षं आणि बाईमाणसाच्या चिकाटीवर. माल्कमची संघटना गेली, शब्द राहिला. हॅम्पटनची आघाडी मोडली, मतपेढी हलली. किंग यांचा संप जिंकला, गरिबांची मोहीम हरली, आणि पुतळा सगळ्यांपेक्षा उंच झाला. यातून ‘विचार मारता येत नाही’ निघत नाही आणि ‘मारणारे जिंकले’ हेही निघत नाही. परीक्षक म्हणून सांगतो, विषयाशी भांडलात तरी गुण जात नाहीत, उलट ऐकणारा सावरून बसतो. तीन-चार नावं भराभर घेऊ नका. एक घ्या आणि त्या आठवड्यापासून सुरू करा.

मी असतो तर मेम्फिस घेतलं असतं, पण सज्जा आणि गोळी नाही. १९६८ च्या करारानंतर त्या कामगारांना पगार वाढून मिळाला, युनियन मिळाली, शहराची पेन्शन मात्र अनेकांच्या वाट्याला आली नाही. २०१७ मध्ये मेम्फिस शहराने तेव्हाच्या संपकऱ्यांपैकी जे हयात होते त्यांना एकरकमी अनुदान जाहीर केलं. त्यांतले काही जण पंचाहत्तरी ओलांडूनही अजून कचऱ्याच्या गाडीवर कामाला जात होते. भाषण तिथून सुरू करा, संपाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, सकाळी गाडी सुरू करणाऱ्या म्हाताऱ्या हातापासून. मग मागे जा.